पोलो जीटी की अबार्थ पुंटो? सेकंडहँड घेण्याआधी वहीत मांडा

'सर, धंदा आता जरा लागलाय, एखादी पळणारी सेकंडहँड गाडी घ्यावी म्हणतोय,' असं विचारणाऱ्यांच्या तोंडी दोन नावं हमखास असतात. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फियाट अबार्थ पुंटो. दोन्ही पुणे जिल्ह्यातल्याच, एक चाकणची, दुसरी रांजणगावची.

कागदावर अबार्थ जिंकते. 1.4 टी-जेट इंजिन, 145 बीएचपी, पाच गिअर मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक. जुन्या पोलो जीटीला 1.2 टर्बो पेट्रोल, 105 पीएस आणि सात गिअरची ऑटोमॅटिक डीएसजी. पण आपण दुकानदार माणसं, आपली तुलना वहीत होते.

समजा पोलो साडेचार लाखांना मिळतेय आणि अबार्थ चार लाखांना. पन्नास हजार वाचले? थांबा. फियाटने भारतात गाड्या विकणं केव्हाच बंद केलंय. उद्या बंपर, हेडलाइट फुटला की पार्ट शोधत फिरायचं. गाडी 25 दिवस गॅरेजला उभी राहिली आणि रोजच्या भाड्याच्या गाडीचे दीड हजार धरले, तर 37,500 तिथेच गेले. गाडी उभी राहिल्याचे दिवस किमतीत कुणी धरतच नाही!

म्हणून पोलो डोळे झाकून घ्यायची असंही नाही. तिच्या डीएसजीचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं, तर वाचवलेले पैसे एका बिलात संपतात. गाडी बघायला सकाळी जा, मालकाला आधी स्टार्ट करू देऊ नका. थंड इंजिनावर आवाज ऐका, मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये फिरवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटके, रिव्हर्स पडायला उशीर, चढावर थरथर, यातलं काही दिसलं तर सरळ नमस्कार करून निघा. 2020 नंतरच्या 1.0 टीएसआयमध्ये डीएसजी नाही. बजेट बसत असेल तर माझं मत तिलाच. अबार्थ घ्यायचीच असेल, तर घरी दुसरी गाडी असेल तरच.

अशा गाड्यांत एक वेगळी भानगड असते, रीमॅप. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली असते आणि त्याचा ताण क्लच, टर्बो, गिअरबॉक्सवर येतो. स्पष्ट विचारा, शिवाय स्कॅनर लावून घ्या. एक्झॉस्ट बदललेला असेल तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो.

आता पैशाचं. कॅश क्रेडिटमधून गाडीचे पैसे देऊ नका, ती मालाची लिमिट आहे. दिवाळीचा स्टॉक भरायच्या वेळी ती गाडीत अडकलेली असली तर होलसेलवाल्याला काय सांगणार? गाडीसाठी वेगळं कार लोन काढा. आणि 'जीएसटी परत मिळेल' या भरवशावर राहू नका, स्वतःच्या वापराच्या अशा गाडीवर क्रेडिट मिळत नाही. घसारा मात्र मिळतो, ते सीएला विचारून घ्या.

टोकन देण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडायची नाही. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर करून घ्या आणि थकलेली ई-चलानं विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.