परमुलुखातील दुकानदारी : कॅनडातील एक अपयश आणि सुरतेची फ्रेंच वखार

सुरतेच्या व्यापाऱ्यास परदेशी पेढीचे नावीन्य वाटण्याचे कारण नाही. इंग्रज, वलंदेज व फरासीस या तिन्ही टोपीकरांच्या वखारी सतराव्या शतकात या शहरी नांदत होत्या, आणि त्यांच्याशी देवघेव करणाऱ्या शराफ-दलालांत जैन व वैष्णव वाण्यांचा भरणा मोठा होता. इंग्रजांच्या वखारीची कथा सर्वांस ठाऊक आहे, कारण पुढे ती राज्याची कथा झाली. फरासिसांची, म्हणजे फ्रेंचांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. ती फसलेल्या धंद्याची कथा आहे, आणि त्या धंद्यात अडकलेला पैसा बराचसा या शहराचा होता. यंदाच्या अंकात ती सांगण्याचे निमित्त मात्र फार दूरचे आहे. अमेरिकेतील एका बलाढ्य दुकानसाखळीने शेजारच्या कॅनडात पाय ठेवला व दोन वर्षांतच तो मागे घेतला. त्या प्रकरणाचा तपशील आम्ही जसजसा वाचीत गेलो, तसतशी आम्हांस आपल्या गावची ती जुनी वखार आठवू लागली.

टार्गेट ही मिनिआपोलिस शहरची पेढी. कपडे, घरसामान, खेळणी, किराणा असा नाना प्रकारचा माल एका छपराखाली विकणारी तिची दुकाने स्वदेशी फार लोकप्रिय आहेत. सरहद्दीजवळचे कॅनेडियन लोक मोटारी हाकीत तिच्याकडे खरेदीस जात असत. तेव्हा कॅनडात गिऱ्हाईक आयते तयार आहे असे चालकांस वाटले, यात नवल नाही. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी झेलर्स या तेथील जुन्या दुकानसाखळीच्या २२० पर्यंत जागांचे भाडेपट्टे घेण्याचा करार केला व त्यासाठी १८२ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर मोजले. मार्च २०१३ मध्ये ऑन्टॅरिओ प्रांतात पहिली तीन दुकाने उघडली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची संख्या १२४ झाली, आणि शेवटी ती १३३ वर गेली. १५ जानेवारी २०१५ रोजी कंपनीने कॅनडातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले. १२ एप्रिल रोजी शेवटची दुकाने बंद झाली, आणि सुमारे १७,६०० माणसांची नोकरी गेली.

एवढ्या मोठ्या पेढीस भांडवल कमी पडले, असे कोणी म्हणणार नाही. मग घडले काय? आमच्या मते पहिली चूक भाडेपट्ट्यांतच होती. शंभरावर जागा एकदम हाती आल्या, की रिकाम्या जागेचे भाडे रोज डोळ्यांसमोर नाचू लागते, आणि मग दुकान तयार असो वा नसो, उघडण्याची घाई होते. पाच-दहा दुकाने चालवून पाहावी, कोणता माल कोठे खपतो ते कळावे, गोदामापासून फळीपर्यंतची वाट बसावी, एवढा अवकाश त्या पेढीने स्वतःस दिला नाही.

दुसरी गोष्ट वहीखात्याची. स्वदेशातील हिशेबयंत्रणा कॅनडाचे चलन व फ्रेंच भाषा यांच्याशी जुळेना, म्हणून नवी यंत्रणा आणली गेली आणि तीत सुमारे ७५,००० जिनसांची माहिती घाईने भरण्यात आली. भरणारे बहुतेक नवखे. कोठे सेंटिमीटरऐवजी इंच पडले, कोठे लांबीच्या रकान्यात रुंदी गेली, कोठे चलनच चुकले. फळीवर न मावणाऱ्या वस्तू आल्या; खोक्यात किती नग आहेत याचाच मेळ लागेना. परिणामी गोदामे माल उतरविण्यास जागा नसावी इतकी तुंबली, आणि त्याच वेळी दुकानांतील फळ्या ओस पडल्या. जी जिन्नस संपेल ती आपोआप मागविण्याची सोय यंत्रणेत होती. पण काही कर्मचारी ती सोयच बंद करून ठेवीत, म्हणजे ‘माल शिल्लक नाही’ अशी नोंद आपल्या नावावर लागत नसे. वरच्या अधिकाऱ्याच्या कागदावर सर्व ठीक, आणि गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाताने परत! आम्हांस साऱ्या प्रकरणात याहून उद्बोधक असे काही आढळले नाही.

भावाचाही प्रश्न होताच. सरहद्द ओलांडून खरेदी करणाऱ्या लोकांना त्याच पेढीचे अमेरिकेतील भाव तोंडपाठ होते. आपल्या गावी त्याच वस्तूस अधिक दाम पडतो असे दिसताच त्यांचा विरस झाला. पहिल्याच वर्षी कॅनडातील तोटा ९४ कोटी अमेरिकन डॉलरांवर गेला.

मापाच्या घोटाळ्याबद्दल वाचताना आम्हांस आमच्याच पेढीवरचा एक प्रसंग आठवला. बाहेरप्रांतीच्या एका नव्या दुकानसाखळीस आम्ही साड्या पाठविल्या होत्या. ब्लाउजपीससह साडी, म्हणून माप ६.३० मीटर. त्यांच्या नोंदीत मात्र कोणीतरी ५.५० लिहून ठेवले होते. मापात फरक म्हणून यंत्राने सारी गाठोडी नाकारली. माल जास्त आहे, कमी नाही, हे फोनवरून समजावण्यात दोन आठवडे गेले, आणि तोपर्यंत लग्नसराई संपली. त्या साखळीची दुकाने पुढे एकेक करून बंद झाली, व आमचे येणे अर्ध्यावर तुटले. ज्याला आपल्या बाजारात ‘उठमणे’ म्हणतात, त्याची ही सुधारलेली आवृत्ती : पार्टी रात्रीतून पळत नाही, ती वकिलामार्फत पत्र पाठविते.

आता आपल्या शहराकडे वळू. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा प्रधान कोल्बेर याने १६६४ साली पूर्वेकडील व्यापारासाठी कंपनी उभारली. भांडवल दीड कोटी लिव्ह्र ठरले. राजाने स्वतः तीस लाख दिले, दरबारी व श्रीमंत लोकांकडून भिडेने आकडे घातले गेले, पण ठरलेली रक्कम पूर्ण कधी भरली नाही. जी भरली तिचा मोठा भाग मादागास्कर बेटावर वसाहत करण्याच्या खटाटोपात गेला. सुरतेस माल घेण्यापूर्वीच थैली हलकी झाली होती.

१६६८ च्या आरंभी फ्रान्स्वा कारों हा सुरतेस आला व त्याने येथे फ्रेंचांची हिंदुस्थानातील पहिली वखार घातली. हा गृहस्थ पूर्वी वलंदेजांच्या नोकरीत होता व जपानात त्यांच्या वखारीचा मुख्यही झाला होता. माणूस कर्तबगार, परंतु भांडखोर. बरोबरीच्या मार्कारा नावाच्या आर्मेनियन अधिकाऱ्याशी त्याचे इतके विकोपास गेले की कारोंने त्यास कैद करविले. वखारीच्या अंगी चातुर्य नव्हते असे मात्र नाही. १६७० साली शिवाजी महाराजांची दुसरी स्वारी सुरतेवर आली, तेव्हा फ्रेंचांनी मराठ्यांशी परभारे समजूत करून आपली वखार वाचविली.

पण व्यापाराचे मूळ गणित त्यांना साधले नाही. त्या काळी कापडाचा व्यवहार कसा चाले हे लक्षात घेतले पाहिजे. जहाजे पावसाळा सरल्यावर सुवाळीच्या किनाऱ्यास लागत आणि काही महिन्यांत माल भरून परत निघत. तेवढ्या अवधीत कापड विणून, रंगवून, धुऊन तयार व्हावयाचे नाही. म्हणून दलालामार्फत विणकरांना आगाऊ रक्कम द्यावी लागे, आणि बऱ्हाणपूर, अहमदाबाद अशा दूरच्या पेठांतही पैसा आधीच पोचवावा लागे. जहाजावर चांदी आली की मागचे देणे फेडावयाचे व पुढची आगाऊ रक्कम द्यावयाची. मधल्या महिन्यांचा भार सुरतेच्या सावकारांवर. म्हणजे सारा डोलारा एका गोष्टीवर उभा : जहाज ऋतूत आले पाहिजे, आणि त्यावर चांदी असली पाहिजे.

फ्रेंचांचे जहाज नेमके हेच करीना. १६७१ मध्ये दे ला हे याचे मोठे आरमार सुरतेस आले. त्यावर तोफा पुष्कळ होत्या. ते पुढे सिंहलद्वीपातील त्रिंकोमाली व मद्रासेजवळचे सान तोमे घेण्यात व गमावण्यात खर्ची पडले. १६७२ पासून युरोपात वलंदेजांशी युद्ध, १६८८ पासून पुन्हा युद्ध, १७०१ नंतर आणखी एक. प्रत्येक युद्धात जहाजे अडत, आणि सुरतेत व्याज चढत राही. त्यातच १६८६ साली फ्रान्सच्या राजाने, आपल्या देशातील रेशीम व लोकरीच्या कारागिरांचे संरक्षण व्हावे म्हणून, हिंदुस्थानी छापील व रंगीत सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. ज्या चिटासाठी वखार घातली, तीच चीट घरच्या बाजारात चोरटा माल ठरली!

इंग्रजांनीही येथे कर्ज काढले होते, हे सांगणे न्यायाचे होईल. सुरतेचे जगप्रसिद्ध जैन व्यापारी वीरजी व्होरा यांचे ते वर्षानुवर्षे ऋणको होते, आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दरमहा शेकडा एकच्या आसपास व्याज मोजीत होते. कर्ज घेणे हा त्या व्यापाराचा दोष नव्हता. इंग्रजांची जहाजे थोडी मागेपुढे का होईना येत राहिली, म्हणून त्यांचे खाते फिरते राहिले; फ्रेंचांचे खाते गोठले. १७०१ मध्ये त्यांनी मुख्य ठाणे पाँडिचेरीस नेले. पुढे कंपनीपाशी जहाजे पाठविण्याचेही त्राण उरले नाही, तेव्हा तिने आपला हक्क सां-मालोच्या व्यापाऱ्यांस मोबदला घेऊन वापरू दिला. सुरतेस जहाज आले तर धनको ते अडकवतील, या भीतीने फ्रेंच जहाजे हे बंदर टाळू लागली. १७१९ साली जॉन लॉ याच्या नव्या कंपनीत ही कंपनी मिसळली गेली. त्या वेळच्या राजाज्ञेतच असे नमूद आहे की, हिंदुस्थानी लोकांच्या तक्रारी आल्या आहेत, कंपनी त्यांना व्याजही देत नाही व मुद्दलही नाही, आणि सोळा वर्षांहून अधिक काळ तिने सुरतेस एकही जहाज पाठविलेले नाही.

कॅनडातही शेवटी प्रश्न धनकोंचाच उरला. तेथील दुकाने चालविणारी कंपनी कायद्याने निराळी होती. मिनिआपोलिसची मूळ पेढी तिच्या देण्यास आपोआप बांधील नव्हती. माल देणारे उदमी न्यायालयाच्या रांगेत उभे राहिले. २०१६ मध्ये तडजोड मंजूर झाली, पण माल पुरविणाऱ्यांस आपले पूर्ण येणे मिळाले नाही. मात्र ज्या जागामालकांनी भाडेपट्ट्यावर मूळ कंपनीची लेखी हमी घेऊन ठेवली होती, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची हमी बाजूस सारणारी पहिली योजना न्यायाधीशांनी फेटाळली, आणि त्यांस इतरांहून अधिक पदरात पाडून घेता आले. पेढीचे नाव तेच, पाटीही तीच; कागद कोणाच्या नावाचा होता, एवढ्यावर निकाल फिरला.

आपल्या देशातही अशा पेढ्या येऊन गेल्या आहेत. कारफूर ही फ्रान्सचीच. २०१० च्या अखेरीस तिने दिल्लीत पहिले घाऊक दुकान उघडले, आणि २०१४ मध्ये पाच दुकानांवरच गाशा गुंडाळला. जर्मनीची मेट्रो २००३ मध्ये बंगळूरहून सुरू झाली व वीस वर्षे टिकली. २०२३ मध्ये तिने आपली ३१ दुकाने २,८५० कोटी रुपयांस रिलायन्सला विकली. ती हळू चालली, आणि चालते दुकान विकून गेली. अशा जाण्यास आम्ही उठमणे म्हणणार नाही.

आपल्या सभासदांपैकी जे मोठ्या साखळ्यांना माल देतात, त्यांना उधारीचे दिवस हा रोजचा विषय आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास अधिकात अधिक ४५ दिवसांत द्यावे, हे २००६ च्या कायद्यात आहे, व २०२३ च्या वित्त कायद्याने त्यास प्राप्तिकराची जोड दिली. पण ते संरक्षण मुख्यतः माल तयार करणाऱ्यास आहे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास त्याचा आधार मिळत नाही, आणि परदेशातील खरेदीदारावर तर ते चालतच नाही. तेव्हा अशा गिऱ्हाइकाच्या दुकानात आम्ही स्वतः जातो, तेव्हा पाटीकडे पाहत नाही. गेल्या महिन्यात विकला गेलेला माल फळीवर पुन्हा आला आहे काय, आणि तो कोणाच्या नावच्या ऑर्डरीवर आला, एवढे विचारून येतो.

सुरतेची ती फ्रेंच वखार धंदा संपल्यावरही कागदावर फ्रान्सची मालमत्ता म्हणून राहिली. हिंदुस्थानातील आपल्या जुन्या वखारींचे असे विखुरलेले तुकडे फ्रान्सने ऑक्टोबर १९४७ मध्ये स्वतंत्र भारताच्या स्वाधीन केले, त्यात सुरतेचाही होता. जमिनीचा व्यवहार पुरा झाला. सावकारांच्या जुन्या येण्याविषयी विचारणारे तोवर कोणी राहिले नव्हते.