पाम स्प्रिंग्जचा बेत आखताना

चि. ईशास,

पाम स्प्रिंग्ज हे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यातले गाव, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे १७० किलोमीटरवर. वस्ती जेमतेम पंचेचाळीस हजारांची. गाव समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरसुद्धा उंच नाही आणि त्याच्या अगदी पाठीशी, पश्चिमेला, सॅन हसिंतो पर्वत ३,३०२ मीटरपर्यंत चढत गेलेला आहे. गावाचे सारे हवामान या उभ्या भिंतीने घडवले आहे. प्रशांत महासागराकडून येणारे ढग पलीकडच्या उतारावर रिकामे होतात आणि अलीकडे वर्षाला बारा-तेरा सेंटिमीटर पाऊस पडला तर पडतो. सह्याद्रीच्या आड माणदेश कोरडा राहतो, त्याच नियमाने हे खोरे कोरडे राहते. इथला कोरडेपणा मात्र कितीतरी कडक. इथे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात निळा तलाव, पांढऱ्या भिंती आणि ताडांची रांग असे छायाचित्र आधीपासून असते, आणि बेत त्या चित्रावरून आखला जातो. तो उन्हावरून आखला पाहिजे. ऋतू, दिवसातले तास, घराची दिशा आणि मग कपडे, असा क्रम ठेवला की सहल आपोआप देखणी होते.

जाण्याचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारीत दुपारी एकवीस-बावीस अंश सेल्सिअस आणि पहाटे सात-आठ, म्हणजे सकाळी शाल आणि दुपारी सुती कपडे. जुलैत दुपारचे सरासरी तापमान बेचाळीसच्या घरात असते आणि ५ जुलै २०२४ रोजी इथे ५१.१ अंशांचा उच्चांक नोंदला गेला. उन्हाळ्यात हॉटेले निम्म्या दरात मिळतात म्हणून जाणारे जातात, पण त्यांचा दिवस खोलीत आणि पाण्यात संपतो. थंडीच्या मोसमातही तीन काळ जपून निवडावेत. फेब्रुवारीच्या मध्याला ‘मॉडर्निझम वीक’ असतो, मार्चमध्ये शेजारच्या इंडियन वेल्सला मोठी टेनिस स्पर्धा (रोहन बोपण्णाने २०२३ मध्ये मॅथ्यू एब्डनसह इथेच पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले) आणि एप्रिलचे दोन शनिवार-रविवार इंडिओचा कोचेला संगीत महोत्सव. यांपैकी एखाद्यासाठीच जायचे असेल तर कित्येक महिने आधी खोली घ्यावी. नसेल तर ते दिवस सरळ टाळावेत. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीतले मधले वार हा सगळ्यांत शहाणा काळ.

या गावाचा डौल कुठून आला, हे जाण्याआधी समजून घ्यावे. आल्बर्ट फ्राय हा स्विस वास्तुविशारद पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम करून अमेरिकेत आला आणि १९३० च्या दशकात इथे पोहोचला. पुढे चंदीगढ घडवणाऱ्या त्या गुरूचे काँक्रीट आणि काचेचे धडे या शिष्याने वाळवंटात वापरले. रिचर्ड नॉइट्राने १९४६ मध्ये एडगर कॉफमन यांच्यासाठी इथे घर बांधले. हे तेच कॉफमन, ज्यांच्यासाठी फ्रँक लॉइड राइटने पेनसिल्व्हेनियात धबधब्यावरचे घर उभारले होते. १९४७ मध्ये ई. स्ट्यूअर्ट विल्यम्सने गायक-नट फ्रँक सिनात्राचे घर बांधले. नंतर अलेक्झांडर कंपनीने विल्यम क्रिसेलच्या आराखड्यांवरून मध्यमवर्गालाही परवडतील अशी घरे मोठ्या संख्येने उभी केली आणि ही शैली श्रीमंतांच्या कुंपणाबाहेर आली. गावाचे खरे वैभव या शेवटच्या घरांत आहे.

ही घरे पाहताना शोभेपेक्षा युक्ती पाहावी. छपराचा पुढे आलेला भाग उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन अडवतो आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत घेतो. जाळीदार काँक्रीट ठोकळ्यांची भिंत वारा येऊ देते, झळ तोडते आणि आडोसाही करते. भिंत आणि छप्पर यांच्यामधली काचेची पट्टी उजेड देते आणि आतून डोंगर दाखवते. मध्ये खोलगट आणि दोन्ही बाजूंना उचललेले छप्पर नुसती हौस वाटते, पण त्यामुळे खोलीतून कड्याचा माथा दिसतो. जिथे छाया नाही तिथे छाया रचण्याची ही विद्या आहे, आणि ती कळली की गावातले साधे पतपेढीचे किंवा नगरपालिकेचे कार्यालयही पाहण्यासारखे वाटते. फ्रायचे १९५२ चे नगरपालिका भवन बाहेरून केव्हाही पाहता येते. त्याच्याच आराखड्याचा १९६५ चा पेट्रोल पंप आज पर्यटक माहिती केंद्र आहे, आणि उत्तरेकडून गावात शिरताना त्याचे उंचावलेले त्रिकोणी छप्पर आधी दिसते. विल्यम्सने १९६१ मध्ये बांधलेल्या पतपेढीच्या इमारतीत आता कलासंग्रहालयाचे वास्तुकला केंद्र आहे. पहिल्या दिवशी तिथे तासभर घालवला तर उरलेले गाव वाचता येते. कॉफमन आणि सिनात्रा यांची घरे खाजगी आहेत. रस्त्यावरून पाहावीत, कुंपणावरून कॅमेरा उचलू नये.

ही जमीन कोणाची, हेही माहीत असावे. गावाला नाव देणारा उष्ण झरा ही अग्वा कालिएंते कवीया या मूळ निवासी जमातीची पवित्र जागा. १८७६ मध्ये जमातीसाठी राखीव क्षेत्र ठरले, पण सरकारने रेल्वे कंपनीला एकाआड एक चौरस मैल आधीच दिलेला होता, त्यामुळे आजही गावातला एक चौरस जमातीचा आणि शेजारचा दुसऱ्याचा असा पट आहे. भर गावातल्या चौदाव्या चौरसावर इतरत्र घर न मिळणारी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबे भाड्याने राहत. १९५९ च्या कायद्याने जमातीच्या जमिनी नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने देता येऊ लागल्या, जागेचे मोल वाढले आणि पन्नास-साठच्या दशकांत ती वस्ती हटवली गेली. घरे पाडली, जाळली गेली. शहराने २०२१ मध्ये माफी मागितली आणि २०२४ मध्ये भरपाई मान्य केली. जमातीने २०२३ मध्ये त्याच झऱ्यावर नवे स्नानगृह आणि शेजारी आपले संग्रहालय उघडले आहे. संग्रहालय आधी पाहावे आणि स्नान नंतर करावे. ज्या पाण्यात उतरायचे त्याची गोष्ट त्याच्या धन्यांच्या तोंडून ऐकणे हा शिष्टाचार आहे.

मुक्कामाची निवड हा बेतातला सर्वांत नाजूक भाग. १९४०-५० च्या दशकांतली छोटी हॉटेले, मध्ये तलाव आणि भोवती दहा-वीस खोल्या, ही इथली खास गोष्ट आहे आणि मोठ्या रिसॉर्टपेक्षा ती केव्हाही सरस. मात्र यांतली बरीचशी फक्त एकवीस वर्षांवरील पाहुण्यांना घेतात आणि काही केवळ पुरुषांसाठी आहेत, म्हणून मुलेबाळे किंवा आईवडील बरोबर असतील तर आधी विचारावे. मैत्रिणींचा मोठा गट असेल तर घर भाड्याने घेणे परवडते, पण अशा घरांच्या अंगणात ध्वनिवर्धकावर संगीत लावायला शहराची बंदी आहे आणि दंड खरोखर होतो. थंडीत तलावाचे पाणी तापवण्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. हॉटेलात खोलीच्या दरावर कर आणि रिसॉर्ट फी चढते. तुलना नेहमी शेवटच्या आकड्याची करावी.

दिशेकडे तर फार थोडे लोक लक्ष देतात. डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या वस्तीत हिवाळ्यात सूर्य भर दुपारीच कड्याआड जातो आणि तलावाकाठी गारठा सुटतो. उन्हात पहुडायचे असेल तर गावाच्या पूर्वेकडची जागा घ्यावी. कड्याजवळची शांतता हवी असेल तर पश्चिमेची. उत्तर टोकाला सॅन गोर्गोनिओ खिंडीतून वारा सुसाट येतो (तिथे पवनचक्क्यांचे रान उगीच उभे नाही) आणि वसंतात वाळू उडून तिकडचे रस्ते अधूनमधून बंदही होतात.

तीन रात्री पुरतात. सकाळ पायी चालण्याची, दुपार सावलीची आणि संध्याकाळ डोंगराची किंवा गावाची, असे दिवसाचे तीन भाग करावेत आणि दर भागात एकच गोष्ट ठेवावी. पहिली सकाळ जमातीच्या ताब्यातल्या इंडियन कॅन्यन्सला द्यावी. पाम कॅन्यनमध्ये ओढ्याच्या कडेने कॅलिफोर्नियाचे मूळचे पंख्याच्या पानांचे ताड हजारोंनी उभे आहेत. वाळलेली पाने झगा घातल्यासारखी खोडालाच राहतात. रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेले ताड पाहून आलेल्याला हे रान पाहिल्यावर गावाचे नाव कळते. प्रवेशशुल्क आहे, कुत्रे नेता येत नाहीत. चालताना निम्मे पाणी संपले की मागे फिरावे, मग वाट कितीही मोहाची असो.

एका दुपारी रोपवे. १९६३ पासून चालू असलेल्या या पाळण्याच्या जुन्या डब्यांची जागा आता फिरत्या डब्यांनी घेतली आहे. सुमारे दहा मिनिटांत तो ८०५ मीटरवरून २,५९६ मीटरवर नेतो आणि खालच्या निवडुंगातला माणूस वर पाइनच्या जंगलात उतरतो. वर पंधरा-वीस अंशांनी थंडी जास्त, हिवाळ्यात बर्फ. सूर्यास्ताच्या दोन तास आधी चढावे, म्हणजे खोरे उन्हात आणि दिव्यांत दोन्ही दिसते. जाड जाकीट आणि बंद बूट इथे शोभेसाठी नसतात. साधारणपणे सप्टेंबरात देखभालीसाठी हा रोपवे काही दिवस बंद असतो.

एक पूर्ण दिवस जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाचा. गाडीने तासाभराची वाट. १९९४ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरांत मोहावे आणि कोलोरॅडो ही दोन वाळवंटे एकमेकांना भिडतात. वरच्या, थंड भागात जोशुआची वाकडी झाडे आणि खाली चोया निवडुंग. आत पेट्रोल नाही, खाणे नाही, बहुतेक ठिकाणी पाणी आणि फोनही नाही, तेव्हा माणशी चार लिटर पाणी, भरलेली टाकी आणि उतरवून घेतलेला नकाशा बरोबर असावा. चोयाचा तुकडा नुसत्या स्पर्शाने कातडीत रुततो. तो बोटांनी ओढू नये. कंगव्याने उडवावा आणि उरलेले काटे चिमट्याने काढावेत. अमावास्येच्या आसपासची तारीख मिळाली तर रात्रीपर्यंत थांबावे, कारण इथले आकाश अंधारासाठी जपलेले आहे.

शांत दुपारसाठी रँचो मिराजचे सनीलँड्स आहे. ॲननबर्ग दांपत्याची ही वास्तू १९६६ ची, ए. क्विन्सी जोन्सच्या हातची. २०१३ मध्ये ओबामा आणि शी जिनपिंग इथे भेटले होते. बाग विनामूल्य पाहता येते, घरासाठी तिकीट बरेच आधी काढावे लागते.

खाण्यात इथला मान खजुराचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेतून रोपे आणून इंडिओभोवती बागा लावल्या गेल्या. मेजूल जातीचे कोंब १९२७ मध्ये मोरोक्कोतून अमेरिकेत आले. दूध, आइस्क्रीम आणि खजूर घुसळून केलेला डेट शेक एकदा घ्यावाच, दोघांत एक. मेक्सिकन जेवण उत्तम मिळते; शाकाहारी माणसाने घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का, हे विचारून घ्यावे. गुरुवारी संध्याकाळी पाम कॅन्यन ड्राइव्ह हा मुख्य रस्ता वाहनांना बंद होऊन बाजार भरतो. पोहोचण्याचा वार गुरुवार ठेवला तर पहिली संध्याकाळ तिथेच छान जाते.

कपड्यांचे आता सोपे झाले. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, संध्याकाळसाठी एक रंगीत पोशाख आणि एक शाल. नागपूर-विदर्भाचा उन्हाळा काढलेल्या घरात असे कपडे कपाटात असतातच. नवे काही घ्यायला नको.

गाडी हवीच, आणि शुक्रवारी दुपारी लॉस एंजेलिसहून निघू नये. दोन तासांची वाट चार तासांची होते. परतीला रविवारी दुपारी तीच गर्दी उलट्या दिशेने वाटेतल्या काबाझोनपाशी अडकते. एक तर रविवारी सकाळी दहाच्या आत निघावे, नाहीतर रात्र वाढवून सोमवारी. सोमवारचा दर बहुधा उतरलेला असतो.

कळावे.

तुझी
मालूमावशी