अंथरूण ओले करणारे मूल : मज्जासंस्थेची वाढ व शिक्षकाचे कर्तव्य

पाच वर्षांचे झाल्यावरही मूल रात्री झोपेत अंथरुणात लघवी करते, ही गोष्ट बहुतेक घरांत झाकून ठेवली जाते. आई पहाटे उठून वाकळ वाळत घालते, वडील रागावतात, भावंडे चिडवतात. आणि तेच मूल थोड्या वेळाने दप्तर घेऊन वर्गात येऊन बसते. त्याच्या कपड्यांना कधी वास येतो, शेजारचा विद्यार्थी अंग चोरून बसतो. शिक्षकास कारण ठाऊक नसते. तो मुलास गलिच्छ, आळशी किंवा घुमे समजतो. हे दुखणे रात्रीचे, तेव्हा शाळेशी त्याचा संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. या दुखण्याचे मूळ नीट समजले, तर त्यावरील उपायांपैकी बराच भाग दिवसा आणि शाळेतच करण्याजोगा आहे, असे दिसून येईल.

किती मुलांस हा त्रास असतो?

आपल्याकडील वैद्यकास हा विकार नवा नाही. शार्ङ्गधरसंहितेत बालरोगांच्या गणनेत 'शय्यामूत्र' हे नाव आलेले आहे. आधुनिक वैद्यक पाच वर्षांच्या आतील मुलाच्या ओल्या अंथरुणास विकार मानीत नाही. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे १५ मुले, सातव्या वर्षी ५ ते १० मुले आणि मोठेपणी एक किंवा दोन माणसे, असे याचे साधारण प्रमाण आहे. कोणताही उपचार न करता दरवर्षी अशा शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुले आपोआप बरी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांत हा त्रास अधिक आढळतो.

या आकड्यांचा अर्थ शिक्षकाने आपल्या हजेरीपटावर लावून पाहावा. दुसरीच्या वर्गात तीस मुले असतील, तर त्यांत दोन-तीन मुले अशी असण्याचा संभव आहे. ती शिक्षकास दिसत नाहीत, कारण हे गुपित राखण्याची कला ती लहानपणीच शिकलेली असतात.

मूत्राशय व मेंदू यांचा व्यवहार

मूत्रपिंडांत तयार झालेली लघवी मूत्राशयात साठते. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी होय. मुलाच्या वयात एक मिळवून येणाऱ्या संख्येस तीसने गुणले असता, त्या पिशवीत साधारण किती मिलिलिटर लघवी मावावी हे कळते. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उत्तर २४० येते. म्हणजे सुमारे एक पेलाभर.

पिशवी भरत आली की तिच्या भिंतीतील मज्जातंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या खालच्या भागास वर्दी देतात. तेथून ती मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचते. लघवी सोडण्याचे नियमन करणारे केंद्र या बुंध्यात आहे, हे बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. त्याच्याही वर, कपाळामागील मेंदूचा भाग "आता नको, थोडे थांब" असा हुकूम देतो. तान्ह्या मुलात हा वरचा हुकूम अद्याप पक्का झालेला नसतो. पिशवी भरली की ती बहुधा आपोआप रिकामी होते. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान दिवसाचा ताबा येतो आणि रात्रीचा ताबा सर्वांत शेवटी येतो.

रात्रीचा ताबा शेवटी का येतो, हे समजण्यासाठी धर्माबादच्या रेल्वे स्थानकाचा दृष्टांत घ्यावा. गाडी येत असल्याची वर्दी तारेवरून आली, तरी स्टेशनमास्तर जागा नसेल तर गाडी आवरणार कोण? झोपलेल्या मुलाचे असेच होते. मूत्राशयाची वर्दी मेंदूपर्यंत निघते, पण मेंदू तिने जागा होत नाही. यास आणखी दोन कारणांची जोड मिळते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून रात्री एक द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते व त्यामुळे लघवी कमी तयार होते. काही मुलांत ते रात्री पुरेसे वाढत नाही. इतर काही मुलांत मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकुंचन पावते. ही तिन्ही कारणे मज्जासंस्थेच्या परिपक्वतेशी निगडित आहेत. दात येण्यास किंवा आवाज फुटण्यास एखाद्या मुलास उशीर लागतो, तसाच हा उशीर होय.

यात आनुवंशिकताही आहे. आई किंवा वडील यांपैकी एकास लहानपणी हा त्रास असल्यास शंभरांतील सुमारे ४४ मुलांस, आणि दोघांसही असल्यास सुमारे ७७ मुलांस तो होतो, असे आढळले आहे. १९९५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांना काही कुटुंबांत याचा संबंध तेराव्या गुणसूत्राशी असल्याचे दिसून आले. जो बाप मुलास रागावतो, त्याची स्वतःची वाकळही कदाचित एके काळी अशीच वाळत पडली असेल.

यावरून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. अंथरूण ओले करणे हा हट्ट नव्हे, आळस नव्हे आणि वाईट सवयही नव्हे. जे कृत्य गाढ झोपेत घडते, ते शिक्षेने सुधारत नाही. उलट भीतीने मूल अधिक खचते.

उशीर कोणता आणि आजार कोणता?

असे असले तरी प्रत्येक मुलाच्या बाबतीत "वय वाढले की थांबेल" म्हणून स्वस्थ बसणे योग्य नाही. थोड्या मुलांत मज्जातंतूंचा, मूत्रमार्गाचा किंवा अन्य खरा आजार असतो. पुढील लक्षणे दिसल्यास मुलास विनाविलंब डॉक्टरांकडे पाठविले पाहिजे.

मूल दिवसाही कपडे ओले करते, त्याची लघवी सतत ठिबकते, धार बारीक आहे किंवा लघवीस जळजळ होते. त्याची चाल बदलली आहे, पाय अशक्त झाले आहेत, शौचावरील ताबा सुटला आहे, किंवा कमरेच्या खालच्या भागी कण्यावर केसांचा झुबका, खळगा वा गाठ आहे. ही मज्जारज्जूच्या दोषाची चिन्हे असू शकतात. रात्री झटके येतात वा सकाळी जीभ चावलेली आढळते. मुलास अतिशय तहान लागते, लघवी फार होते आणि वजन उतरते. हे मधुमेहाचे लक्षण असू शकते व त्यात एक दिवसाचाही विलंब धोक्याचा आहे. मूल रोज मोठ्याने घोरते व त्याचा श्वास अडखळतो.

सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर तेही वेगळे प्रकरण समजावे. घरात मृत्यू, भांडण, मारहाण किंवा अत्याचार घडला काय, याची हळुवार चौकशी करावी. नांदेड-लातूरकडील जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, त्यांची मुले आजीजवळ वा हंगामी वसतिगृहात राहतात. आईबापांच्या विरहानेही असे घडू शकते.

शाळेच्या वेळेत काय करावे?

रात्रीच्या मूत्राशयास दिवसा वळण लागते. मूल सकाळपासून पाणी न पिता बसते, लघवी दाबून ठेवते आणि संध्याकाळी घरी जाऊन तांब्याच्या तांब्या रिकामे करते. हा क्रम नेमका उलटा झाला पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हात तर पाण्याची गरज अधिकच असते. मधल्या सुटीत व पोषण आहाराच्या वेळी मुले पाणी पितात की नाही, हे शिक्षकाने पाहावे. तीनचार तासांनी सर्वच मुलांस लघवीस जाऊन येण्यास सांगावे. एकट्यास सांगू नये.

करंगळी वर करणाऱ्या मुलास "आत्ताच तर सुटी झाली, बस खाली" असे म्हणू नये. धर्माबाद तालुका तेलंगणाच्या सीमेस लागून आहे. घरी तेलुगू बोलणारे पहिलीतील मूल वर्गात मराठीतून परवानगी मागण्यास बिचकते. त्यास खुणेची मोकळीक द्यावी. स्वच्छतागृहात पाणी आहे काय, दारास कडी आहे काय, हेही पाहावे. कारण घाणेरड्या जागेमुळे मुले, विशेषतः मुली, दिवसभर लघवी दाबून ठेवतात.

बद्धकोष्ठ हे या त्रासाचे एक दुर्लक्षित कारण होय. मळाने भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. पालेभाज्या, फळे, पाणी आणि सकाळी निवांत शौचास बसण्याची सवय, हे पालकसभेत सर्वांस सांगावे.

मुलाचे गुपित राखणे हे सर्वांत मोठे काम होय. वर्गात त्याचा उल्लेख करू नये, टोपणनाव पडू देऊ नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे, आणि चारचौघांत केलेली अशी थट्टा हा छळच होय.

वसतिगृहाचा प्रश्न

शंकरनगरच्या नवोदय विद्यालयात सहावीपासून प्रवेश मिळतो. आश्रमशाळांत तर त्याहून लहान मुले राहतात. हुशार मूल केवळ ओल्या अंथरुणाच्या भीतीने निवासी शाळेस नकार देते, सहलीस येत नाही, आणि कारण मात्र कोणास सांगत नाही. अशा नकारामागे काय आहे, हे शिक्षकाने एकांतात विचारावे. वसतिगृहात झोपण्यापूर्वी सर्वांनीच लघवीस जाऊन यावे, वाटेवर दिवा असावा, गादीवर मेणकापड व जवळ एक जादा चादर असावी, आणि सकाळी अंघोळीची सोय असावी. अंथरूण सर्वांसमक्ष वाळत घालण्यास भाग पाडू नये.

पालकांस काय सांगावे?

झोपण्यापूर्वी दोन तास पाणी बेताने द्यावे, पण तहानलेले ठेवू नये. संध्याकाळचा चहा बंद करावा. कोरड्या रात्रीवर बक्षीस ठेवू नये, कारण ते मुलाच्या हाती नाही; झोपण्यापूर्वी लघवीस गेल्याबद्दल मात्र शाबासकी द्यावी. रात्री उठविल्याने अंथरूण कोरडे राहते, पण त्याने मूळ दोष जात नाही. अंगारेधुपारे व डाग देणे यांपासून पालकांस परावृत्त करावे.

सहा-सात वर्षांनंतरही त्रास राहिल्यास उपचार आहेत. ओलावा लागताच घंटा वाजविणारे साधन मौरर दांपत्याने १९३८ मध्ये प्रसिद्धीस आणले. दोनतीन महिने नेटाने वापरल्यास मेंदू मूत्राशयाची वर्दी ओळखण्यास शिकतो. रात्रीची लघवी कमी करणारे औषधही आहे; परंतु ते घेतल्यावर पाण्यावर निर्बंध पाळावा लागतो, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीस येते. त्या दिवशी शिक्षकाने अशा मुलाविषयी डॉक्टरांस बाजूला सांगावे. पथकास अवकाश असल्यास ग्रामीण रुग्णालयात, व आवश्यक तर नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे.

मज्जासंस्थेची वाढ शिक्षकाच्या हाती नाही. ती वाढ होईपर्यंत मुलाचा स्वाभिमान शाबूत ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे. अंथरूण आज ना उद्या कोरडे होते. वर्गातील हशाने मनावर उठलेला ओरखडा तितक्या सहज जात नाही.

केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेत विद्यार्थी दिवसात किती वेळा पाणी पितात व किती वेळा लघवीस जातात? दोन दिवस निरीक्षण करून सांगा.
२. स्वच्छतागृह टाळणारी मुले कोणती कारणे सांगतात?
३. पूर्वी कोरडे राहणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागल्याचे कळले, तर प्रथम काय विचाराल आणि कोणास कळवाल?
४. वर्गात एखाद्या मुलास या कारणाने चिडविले जात असल्यास, त्याचे नाव न घेता ते कसे थांबवाल?