आयसीयूच्या दाराबाहेर बसून कळलेलं

१. वयाचा आकडा फार थोडं सांगतो. बाबांना अकोल्याला आयसीयूत घेतलं तेव्हा आम्ही 'ब्याऐंशी, ब्याऐंशी' म्हणत राहिलो. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "महिन्यापूर्वी स्वतः आंघोळ करायचे का? शेतापर्यंत जायचे का?" ऐकून नवल वाटलं. पुढे वाचनात आलं, की २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत, ऐंशी वा त्याहून जास्त वयाचे पाच हजारांवर रुग्ण आयसीयूत होते. तीस दिवसांनी त्यांतले सुमारे दोन तृतीयांश हयात होते. आधीपासून थकलेल्यांचं वाचण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे 'एवढ्या वयात कशाला' हेही खरं नाही आणि 'काहीही करा, वाचवा' हेही पुरेसं नाही.

२. आपल्याकडे, बुलढाणा जिल्ह्यात, उपचार 'रेफर'नंतर सुरू होतात. घाटाखालचे अकोल्याला पळतात, घाटावरचे संभाजीनगरला. जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं तेच २०२४ मध्ये. संग्रामपूरकडच्या म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब वाटेतच कोसळला, तर त्या वाया गेलेल्या वेळेचा हिशेब कुठल्या फाइलवर असतो? मला याचा राग येतो, अजूनही.

३. आयसीयूतून बाहेर येणं म्हणजे बरं होणं नव्हे. बाबा रात्री जुन्या सालगड्याला हाका मारायचे, सलाइन उपटायचे. डोकं गेलं, असं वाटून बहीण रडली. सिस्टरनं समजावलं, की म्हाताऱ्या माणसांना आयसीयूत असा भ्रम होतो, बहुतेकांचा उतरतो. चष्मा आणा, कानाचं मशीन आणा, वार सांगा, घरचं बोला. तसंच केलं. भ्रम उतरला. पायांतली ताकद मात्र अंथरुणावर पडून इतकी गेली, की घरी आल्यावर ओसरीची पायरी उतरायलाही दोघं लागायचे.

४. व्हेंटिलेटरबद्दल निवांतपणी बोलावं. दारातल्या घाईत फक्त सही होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये आपली इच्छा आधी लिहून ठेवण्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. मी आईला विचारलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "उठून चालणार असंल तर लावा नळ्या. नाहीतं घरी आणा. अन् दादाले फोनवर नको सांगू, दिवाळीले आला की मीच सांगीन."