इंजिनाचे सील आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग



मागील महिन्यात नववीच्या वर्गात मापनाचा धडा चालू होता. एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, मी तर शाळा संपल्यावर इंजिन दुरुस्तीच्या दुकानात बसणार आहे. शून्य दशांश शून्य पाच माझ्या काय कामाचे?" वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण हा धडा मी स्वतः फार महागात शिकलो आहे.

गोष्ट 1990 च्या पावसाळ्यातील. मी बी.एस्सी.ला होतो. पाऊस लांबला होता आणि पऱ्ह्यांना नाल्याचे पाणी डिझेल इंजिनाने द्यावे लागत होते. इंजिन धूर सोडू लागले, दम कमी झाला. मिस्त्रीकाका दुसऱ्या गावी गेलेले. मी बाबांना म्हटले, रिंगाच तर बदलायच्या आहेत, मी बदलतो. नव्या रिंगा आणल्या आणि बसवल्या. रिंगेच्या दोन टोकांमधील फट मोजायची असते हे मला ऐकून माहीत होते. पण नवी वस्तू आहे, बरोबरच असेल, असे मी धरून चाललो.

इंजिन अर्धा तास छान चालले आणि एकाएकी जाम झाले. रिंग तापून वाढली, वाढायला जागा नव्हती, टोके एकमेकांना भिडली आणि लायनरवर खोल ओरखडे पडले. नवा लायनर येईपर्यंत आठ दिवस गेले. अर्धे पऱ्हे वाळले व रोवणी मागे पडली. बाबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मोजायला किती वेळ लागला असता?" त्याचे उत्तर आहे, पाच मिनिटे.

पिस्टनच्या इंजिनात एका पिस्टनवर मोजक्याच रिंगा असतात. जगात असेही एक इंजिन आहे ज्याचे सारे भवितव्य अशा बारीक पट्ट्यांवर अवलंबून असते. ते म्हणजे रोटरी इंजिन. जर्मनीचे फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरून एन.एस.यू. कंपनीत 1957 साली ते प्रथम चालले. यात पिस्टन खाली-वर होत नाही. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल घरात तिकोनी रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होते तेव्हा मुख्य दांडा तीन फेऱ्या घेतो. भाग थोडे, वजन कमी, थरथर कमी.

अडचण एकच, ती म्हणजे गळती. रोटरच्या तीन टोकांवर तीन सील, कोपऱ्यांत सहा आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा, असे एका रोटरला पंधरा सील लागतात. तेल अडवणाऱ्या रिंगा वेगळ्याच. एन.एस.यू.ने 1967 मध्ये आरओ 80 ही मोटार काढली. तिचे टोकाचे सील लवकर झिजले आणि इंजिने बदलून देता देता कंपनी जेरीस आली. जपानच्या माझदा कंपनीत हे सील थरथरून घराच्या भिंतीवर पट्टे उमटत. तेथील अभियंते त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. त्यांनी सीलचा पदार्थ बदलून पाहिला, घाट बदलून पाहिला आणि 1967 मध्येच आपली रोटरी मोटार बाजारात आणली. 1991 साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत माझदाने रोटरी इंजिनावरच जिंकली.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने सुमारे 30 किलो वजनाच्या रोटरी इंजिनाचा गाभा तयार केला. प्रज्वलन व इंधनाची यंत्रणा महाराष्ट्रातील अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील वाहन संशोधन संस्थेने केली. एप्रिल 2009 मध्ये कोलार येथे त्याचे उड्डाण यशस्वी झाले. सील ज्या भिंतीवर घासतात तिला निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप दिलेला होता.

असे इंजिन उघडून नवे सील बसवायचे तर क्रम असा:

1. रोटरच्या खाचांतील काजळी काढावी. खाचेच्या कडा खरवडू नयेत.
2. घराची भिंत तपासावी. तिच्यावर ओरखडे असतील तर नवे सीलही टिकत नाहीत.
3. कोपऱ्याचे सील स्प्रिंगसह आधी बसवावेत. बोटाने दाबून सोडल्यास ते मोकळेपणी वर यायला हवेत.
4. बाजूचे नवे सील मुद्दाम थोडे लांब येतात. ते एका टोकाने कानसून कोपऱ्याच्या सीलपर्यंतची फट जुळवावी लागते. माझदाच्या इंजिनात ही फट 0.05 ते 0.15 मिलिमीटर ठेवतात. फट कमी पडली तर सील अडकतो, जास्त झाली तर दाब गळतो.
5. जो सील ज्या खाचेसाठी कानसला तो तेथेच बसवावा. अदलाबदल चालत नाही.
6. टोकाचे सील व स्प्रिंगा जोडणी होईपर्यंत व्हॅसलिनने जागी धरून ठेवाव्यात.
7. पाणी अडवणारे रबरी सील पिळू वा ताणू नयेत. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. मग इंजिन हाताने फिरवून पाहावे.

चौथी पायरी पुन्हा वाचा. कानसून सील आखूड करता येतो, लांब करता येत नाही. म्हणून थोडे कानसा, मोजा, पुन्हा थोडे कानसा. ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्याला माझे हेच उत्तर आहे. शून्य दशांश शून्य पाच हीच तुझी रोजी-रोटी ठरणार आहे.

पालकांना विनंती आहे की मुलगा दुकानात हातांनी काम करणार म्हणून त्याचे गणित सुटले तरी चालेल, असे समजू नये. संचालक मंडळासही विनंती आहे की येत्या सत्रात प्रयोगशाळेसाठी दोन व्हर्निअर कॅलिपर व एक फीलर गेज घ्यावे. मुलांनी ही मापे फळ्यावर नव्हे, हातात धरून शिकावीत.

घरी सोडवा: बाजूच्या सीलची फट 0.02 मिलिमीटर भरली. कमीत कमी किती व जास्तीत जास्त किती कानसावे? फट 0.50 भरली तर काय कराल? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात, कारणासह लिहा.