टपावरच्या आडव्या दांड्या : लावा आणि काढा



स्नेहसंमेलन आले की शिडी, बांबू, पडदे गाडीच्या टपावर चढतात. काही गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना लांबीच्या उंच कडा असतात. त्यांवर हवे तेव्हा लावता येतील अशा दोन आडव्या दांड्या आपण कार्यशाळेत करू. टपाला एकही भोक पाडायचे नाही.

साहित्य : २५ मिमी चौकोनी लोखंडी पाइप (जाडी २ मिमी), ७५ मिमी चौरस व ५ मिमी जाड अशा ८ पट्ट्या, ८ मिमीचे १६ बोल्ट, वायसर, नायलॉक नट, जाड रबर, रेड ऑक्साइड, रंग.

कृती : कडांमधले अंतर पुढे व मागे वेगवेगळे मोजा, ते बहुधा सारखे नसते. त्याप्रमाणे पाइप कापा. प्रत्येक पट्टीला कोपऱ्यांजवळ चार भोके पाडा, मध्यापासून मध्यापर्यंत ५५ मिमी. कानस मारून रंग द्या. एक पट्टी कडेखाली, एक पाइपावर, मध्ये रबर. चारही बोल्ट पान्ह्याने सारखे आवळा. पाइपाला भोक पडत नाही, म्हणून तो कमजोर होत नाही. कडेखाली निदान २ सेंमी जागा हवी, नाहीतर बोल्टचे डोके टपाला घासेल.

थोडे गणित : असा पाइप मीटरला सुमारे १.४४ किलो भरतो. १.२ मीटरच्या दोन दांड्या साडेतीन किलो. पट्ट्या व बोल्ट धरून सहा किलो. गाडीच्या पुस्तिकेत टपाची मर्यादा ५० किलो असेल, तर सामान ४४ किलोच.

आता ब्रेक पाहू. वेग दर सेकंदाला ५ मीटर/सेकंदाने घटला, तर ४० किलोची शिडी २०० न्यूटन बलाने पुढे सरकू पाहते. म्हणून शिडी दांड्यांना बांधाच, शिवाय पुढून व मागूनही बांधा. सुटलेली शिडी मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. गाठ मारणाऱ्याने हे विसरू नये.

पालकांना विनंती : कडा किती भार पेलतात ते पुस्तिकेत पाहावे, पहिल्या काही किलोमीटरनंतर नट तपासावेत आणि काम झाल्यावर दांड्या काढून ठेवाव्यात. वाऱ्याचा अडथळा कमी झाला की इंधनही वाचते.

स्वाध्याय : वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ६० वरून ९० किमी/तास झाला, तर रोध किती पट होईल?