ब्लू प्रिंट निळीच का?

‘विकासाची ब्लू प्रिंट’, ‘यशाची ब्लू प्रिंट’ असे मथळे आपण पेपरात नेहमी वाचतो. पण योजनेला रंग निळाच का? मला हा प्रश्न पडला आणि उत्तर सापडलं ते चक्क केमिस्ट्रीत!

सन १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सायनोटाइप ही पद्धत शोधली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे द्रावण कागदाला लावून तो अंधारात वाळवायचा. त्यावर ट्रेसिंगवर काळ्या शाईने काढलेले ड्रॉइंग ठेवायचे, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचे. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस होते आणि त्यापासून प्रशियन ब्लू हा पाण्यात न विरघळणारा रंग तयार होतो. शाईच्या रेघांखाली मात्र ऊन पोचतच नाही. कागद पाण्यात धुतला, की तिथले रसायन वाहून जाते. उरतात निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. झाली ब्लू प्रिंट! (ट्यूबलाइटवर काच ठेवून जीटी मारणाऱ्यांना उजेडाची ही करामत वेगळी सांगायला नको.)

१८७० नंतरच्या काळात ही पद्धत इंजिनिअरिंगमध्ये रुळली. त्याआधी प्रत्येक प्रत हाताने काढावी लागे. त्यात वेळ तर जाईच, पण एखादा आकडा चुकला तर पार्ट बसणार कसा? पुढे विसाव्या शतकात अमोनिया प्रिंट आली, पांढऱ्यावर गडद रेघांची. आता प्लॉटर आहेत. निळा कागद गेला, शब्द राहिला.

पण शब्दाचा अर्थ जरा सैल झालाय, असं मला वाटतं. ब्लू प्रिंट म्हणजे नुसती डोक्यातली कल्पना नव्हे. आधी ड्रॉइंग पूर्ण व्हायचे, मापे तपासली जायची, आणि मगच प्रती वर्कशॉपमध्ये जायच्या. फोरमन, फिटर, गवंडी, सगळ्यांच्या हातात तीच मापे! बदल करायचा तर तो मूळ ट्रेसिंगवर, आणि मग पुन्हा नव्या प्रती.

आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये मात्र एकाकडे ‘फायनल’, दुसऱ्याकडे ‘फायनल-२’ आणि तिसऱ्याकडे ‘एकदम फायनल’ नावाची फाइल असते. जॉब कोणत्या मापाने कापायचा? तेव्हा दोस्तहो, मशीन सुरू करण्याआधी एकदा विचारा, सगळ्यांकडे एकच ड्रॉइंग आहे ना?